समुद्रफूल पंपात जाऊ नये म्हणून: जाळी बसवण्यापासून वीज परत येईपर्यंत

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: समुद्रफूल, म्हणजे दुकानदार ज्याला ॲनिमोनी म्हणतात तो खडकाला पाय रोवून राहणारा मऊ प्राणी, वेव्हमेकरमध्ये, म्हणजे टँकमधले पाणी हलवणाऱ्या पंपात, गेले, आता काय करू? हा प्रश्न नेहमी उशिरा विचारलेला असतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जाळी बसवलेली असते. पण ती समुद्रफूल आणल्यानंतर घाईघाईने, पंपाला अगदी घट्ट लपेटून, आणि वीज जाऊन परत आल्यावर काय घडेल याचा विचार न करता बसवलेली असते. या तिन्ही चुका मुळात क्रमाच्या आहेत, म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

माझे पहिले समुद्रफूल एका गुरुवारी गेले. सकाळी दहाच्या सुमारास दुरुस्तीसाठी वीज गेली आणि वेव्हमेकर थांबला. चारच्या सुमारास ती परत आली तेव्हा घरात कोणी नव्हते. संध्याकाळी पाहिले तर टँकमधले पाणी ताकासारखे पांढुरके झाले होते आणि पंपाच्या खाचांमधून तपकिरी चिंध्या लोंबत होत्या. पंपाला स्पंज होता, पण फक्त मागून. समोरची बाजू उघडी होती, कारण तिथून पाणी बाहेर फेकले जाते, तिथे कोण जाणार, असे मी धरून चाललो होतो.

चालू पंप आणि थांबलेला पंप हे दोन वेगळे धोके आहेत. चालू पंप मऊ शरीराला मागून किंवा बाजूने ओढून घेतो. थांबलेला पंप मात्र समुद्रफुलाच्या दृष्टीने एक अंधारी, खाचांची, पाय रोवायला सोयीची कपार असते. ते स्वतःहून आत शिरते आणि पंप सुरू होताच चिरडले जाते. बाजारातला तयार स्पंज बहुधा पहिल्या धोक्याचाच विचार करून बनवलेला असतो.

टप्पा 1: ओढ कुठे कुठे आहे ते शोधणे

टँकमध्ये समुद्रफूल येण्यापूर्वी हे काम करावे. साधारण दहा सेंटीमीटर लांबीचा लोकरीचा धागा एका प्लास्टिकच्या नळीच्या टोकाला बांधावा, पंप नेहमीच्या वेगाने चालू ठेवावा आणि धागा त्याच्या चारही बाजूंनी हळूहळू फिरवावा. धाग्याचे मोकळे टोक ज्या अंतरावर पंपाकडे वळू लागते ते अंतर लिहून ठेवावे. धागा हातातून सुटून पंपात जाणार नाही अशी गाठ आधी पक्की मारावी.

वेव्हमेकरची ओढ फक्त मागून असते असा समज आहे. धागा फिरवला की बाजूच्या खाचाही पाणी ओढताना दिसतात, आणि काही बनावटींमध्ये तिथली ओढ मागच्यापेक्षा जास्त असते. याच पद्धतीने टँकच्या कडेला टांगलेल्या फिल्टरची नळी, टँकमध्ये बसवलेल्या स्किमरचे, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राचे, तोंड आणि ओव्हरफ्लोचे, म्हणजे टँकमधले वरचे पाणी खाली उतरते त्या वाटेचे, दात तपासावेत. हीटर पाणी ओढत नाही. पण समुद्रफूल त्याला चिकटून बसले तर भाजते, म्हणून त्याचीही नोंद याच यादीत करावी.

टप्पा 2: जाळी निवडणे

भरतकामाची प्लास्टिकची जाड, ताठ जाळी या कामाला उत्तम. हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात ती मिळते. पुण्यातल्या रविवार पेठेत शोधल्यास सहसा निराशा होत नाही. एका इंचात सात घरे असलेली जाळी मागावी. तिचे छिद्र साधारण तीन मिलिमीटरचे असते. त्यातून लहान समुद्रफूलही सहज शिरत नाही आणि पाणी पुरेसे जाते. यापेक्षा बारीक छिद्रांची जाळी शेवाळाने लवकर बुजते. जोडणीसाठी नायलॉनच्या केबल टाय पुरतात.

बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात धातूची सुंदर, टिकाऊ दिसणारी जाळी दाखवतील. ती घेऊ नये. तांबे आणि पितळ अपृष्ठवंशी प्राण्यांना विषारी असते, जस्ताचा मुलामा खाऱ्या पाण्यात सुटत जातो आणि साधे स्टेनलेस स्टीलसुद्धा काही महिन्यांत गंजाचे डाग दाखवू लागते. खिडकीला लावायची डासांची जाळी कडेने उसवते आणि तिचे तंतू पाण्यात सुटतात.

सावधान: कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीचा तुकडा कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. डास मारण्यासाठी लावलेले औषध टँकमधल्या कोळंबी-खेकड्यांनाही मारते.

जाळी कापल्यावर कडा नखाने चाचपाव्यात आणि टोचणारे दात बारीक कात्रीने काढून टाकावेत. नंतर जाळी साबण न लावता धुऊन एक दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवावी.

टप्पा 3: पिंजरा बनवणे आणि बसवणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. जाळी किंवा स्पंज पंपाच्या खाचांवर थेट गुंडाळला की ओढीचा वेग कमी होत नाही. पंपाची सगळी ताकद त्या इवल्याशा जागेवर तशीच राहते, फरक इतकाच की समुद्रफूल पात्यांऐवजी जाळीवर खेचले जाते आणि तिथे अडकून फाटते. ओढ कमी होते ती क्षेत्रफळ वाढवल्याने.

हिशेब सोपा आहे. ताशी 4,000 लिटर पाणी हलवणारा पंप सेकंदाला सुमारे 1,111 घन सेंटीमीटर पाणी ओढतो. त्याच्या खाचांचे एकूण क्षेत्रफळ 20 चौरस सेंटीमीटर असेल, तर तिथे पाण्याचा वेग सेकंदाला 55 सेंटीमीटरच्या आसपास असतो. त्याच पंपाभोवती 400 चौरस सेंटीमीटर जाळीचा पिंजरा उभा केला आणि निम्मी जागा जाळीच्या दांड्यांनी अडवली असे धरले, तरी वेग साडेपाच सेंटीमीटरवर येतो. समुद्रफुलाचा पाय हा वेग सहज सोसतो.

पंपाच्या सर्व बाजूंनी निदान अडीच ते तीन सेंटीमीटर मोकळी जागा सोडून जाळीची पेटी बनवावी. मागची बाजू टँकच्या काचेला टेकते, म्हणून तिथे जाळी लागत नाही. मात्र काच आणि पेटीची कड यांत फट राहता कामा नये. समुद्रफूल बोटभर फटीतून अंग चेपून आत जाते, हे ज्याने पाहिले नाही त्याला पटत नाही. समोरच्या बाजूला, जिथून प्रवाह बाहेर पडतो तिथे, सहा-सात मिलिमीटर छिद्रांची जाळी वापरावी. बारीक जाळी तिथे लावली तर झोत तुटतो, पंपावर ताण येतो आणि तो गरम होतो. समोरची बाजू उघडी मात्र ठेवू नये.

पेटी पंपाच्या अंगाला कुठेही टेकू देऊ नये, नाहीतर रात्रभर भुंग्यासारखा आवाज येत राहतो आणि घरातली मंडळी दुसऱ्याच दिवशी ती काढायला लावतात. केबल टायची टोके बाहेरच्या बाजूला वळवून पेटीच्या अगदी लगत कापावीत.

तपासणी: पेटी बसवल्यावर तोच लोकरीचा धागा पुन्हा फिरवावा. जाळीपासून एक सेंटीमीटरवर धागा सैल तरंगत राहिला पाहिजे. तो जाळीला जाऊन चिकटत असेल, तर पेटी मोठी करावी किंवा पंपाचा वेग कमी करावा. धागा सैल राहीपर्यंत पुढच्या टप्प्याकडे वळू नये.

टप्पा 4: ओव्हरफ्लो आणि हीटर

ओव्हरफ्लोच्या दातांसमोर तीच तीन मिलिमीटरची जाळी, पण दातांच्या एकूण लांबीपेक्षा जास्त रुंद आणि पाण्याच्या पातळीच्या वर चार-पाच सेंटीमीटर उंच लावावी.

सावधान: ही जाळी बुजली तर पाणी संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीत, उतरत नाही, तिथला रिटर्न पंप मात्र वर पाणी चढवत राहतो आणि टँक दिवाणखान्यात रिकामा होऊ लागतो. म्हणून जाळीचा वरचा काठ पाण्याबाहेर, पण टँकच्या काठापेक्षा खाली ठेवावा, म्हणजे जाळी बुजली तरी पाण्याला वरून जायला वाट राहते. संपमधल्या रिटर्न पंपाच्या खान्यात जास्तीचे पाणी किती आहे तेही एकदा मोजून ठेवावे; तेवढे सगळे वर चढले तरी टँक ओसंडता कामा नये.

हीटर शक्यतो संपमध्येच टाकावा. संप नसेल, तर प्लास्टिकचे आवरण असलेला हीटर घ्यावा.

टप्पा 5: विजेची व्यवस्था

गुरुवारचा पाणीबंद आणि दुरुस्तीसाठी जाणारी वीज यांचा हिशेब पुण्यातल्या घरांना सांगावा लागत नाही, आणि वळवाच्या पावसात संध्याकाळी फांदी तारेवर पडते ते वेगळेच. वीज जाणे समुद्रफुलाला तितकेसे धोक्याचे नसते; खरा धोका ती परत येते त्या क्षणी असतो. त्यामुळे वेव्हमेकर एकतर थांबूच नये, किंवा थांबला तर कोणी पाहिल्याशिवाय सुरू होऊ नये. या दोहोंपैकी एक निवडावे.

पहिला मार्ग इन्व्हर्टरचा. आजचे डीसी वेव्हमेकर मंद वेगावर फार थोडी वीज घेतात, त्यामुळे घरातल्या दोन दिव्यांबरोबर एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर सहज चालतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात.

दुसरा मार्ग स्वस्त आहे. वेव्हमेकर अशा स्मार्ट प्लगवर लावावा, ज्यात वीज परत आल्यावर बंदच राहण्याची सोय आहे. ही सोय ॲपच्या सेटिंगमध्ये असते आणि अनेक प्लगांत सुरुवातीला ती निवडलेली नसते, म्हणून ती स्वतः निवडावी आणि मेन स्विच बंद-चालू करून खात्री करून घ्यावी. रिटर्न पंप मात्र साध्या प्लगवरच ठेवावा. तो संपमध्ये असतो, ओव्हरफ्लोच्या जाळीपलीकडे. वीज येताच तो सुरू झाला की पृष्ठभाग हलतो, पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो आणि वेव्हमेकर संध्याकाळपर्यंत बंद राहिला तरी बिघडत नाही. घरी आल्यावर टॉर्च घेऊन पेटीच्या आतबाहेर पाहावे आणि मगच वेव्हमेकर सुरू करावा.

याच कारणाने रात्री वेव्हमेकर पूर्ण बंद ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. समुद्रफूल रात्रीच जास्त सरकते. रात्री वेग कमी करावा, शून्य करू नये. खाणे घालताना पंप थांबवायचा असेल, तर दहा मिनिटांपेक्षा जास्त नको आणि त्या वेळी टँकसमोरून उठून जाऊ नये.

तपासणी: सर्व उपकरणांच्या वायरी प्लगच्या खाली लोंबून मग वर जातील अशा ठेवाव्यात, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरत नाही. टँकच्या सर्किटला ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ स्विच बंद करून भागत नाही.

टप्पा 6: समुद्रफुलाला सरकावेसे वाटू नये अशी जागा

पिंजरा कितीही चांगला असला तरी रोज त्याच्याकडे चालत येणारे समुद्रफूल कधी ना कधी फट शोधते. ते सरकते, कारण बसल्या जागी त्याला प्रकाश, प्रवाह किंवा पाणी मानवत नाही.

क्षारता दर हजारी 35, तापमान 24 ते 27 अंश सेल्सियस, आणि टँक निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर, स्थिरपणे चाललेला असावा. पुण्यात या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी मे महिन्यात हाताबाहेर जातात. पाणी थंड ठेवण्यासाठी लावलेल्या पंख्याने बाष्पीभवन वाढते. 200 लिटरच्या टँकमधून रोज 4 लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस भरले नाही, तर 35 वरची क्षारता 37 च्या पुढे जाते. आणि चौथ्या दिवशी लक्षात आल्यावर 12 लिटर गोडे पाणी एकदम ओतले, तर ती एका झटक्यात खाली येते. हा झटका समुद्रफुलाला पाय सोडायला पुरेसा असतो. रोज थोडे थोडे भरावे किंवा आपोआप भरणारे साधन लावावे.

भरायचे पाणी आरओ-डीआय, म्हणजे पाण्यातले सगळे क्षार काढून टाकणाऱ्या, यंत्राचेच असावे. खडकवासल्याचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते, टँकरचे किंवा बोअरचे पाणी जड असते, आणि स्वयंपाकघरातल्या आरओमधून निघणाऱ्या पाण्यात पिण्यासाठी मुद्दाम काही क्षार राखलेले असतात. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे.

खडकांच्या रचनेत समुद्रफुलासाठी वेगळे बेट करावे: एकच मोठा खडक, त्यात पाय आत जाईल अशी खोल, अंधारी भेग, वर भरपूर प्रकाश आणि चोहोबाजूंनी निदान 15 सेंटीमीटर वाळू. बबल टिप जातीच्या समुद्रफुलाला पाय सावलीत आणि संस्पर्शक, म्हणजे तोंडाभोवतीची बोटे, उजेडात हवे असतात. त्याला उघडी वाळू ओलांडायला सहसा आवडत नाही. अर्थात सहसा म्हणजे नेहमी नव्हे. काही जाती मुळातच वाळूत पाय रोवणाऱ्या असतात, तेव्हा आपण कोणती जात घेतो आहोत ते आधी नीट पाहून घ्यावे.

वेव्हमेकर या बेटापासून शक्य तितका दूर आणि वरच्या बाजूला बसवावा. झोत थेट समुद्रफुलावर न मारता समोरच्या काचेवर आपटून परतेल असा वळवावा. संस्पर्शक सगळे एकाच बाजूला आडवे पडले असतील तर प्रवाह जास्त आहे. ते आळीपाळीने दोन्ही बाजूंना डुलत असतील तर तो योग्य आहे.

टप्पा 7: आणणे आणि सोडणे

इथपर्यंतचे सगळे होऊन एक आठवडा टँक व्यवस्थित चालला की मगच खरेदीला जावे. दुकानात समुद्रफूल काचेवरून किंवा खडकावरून ओरबाडून काढताना पाहिले, तर ते घेऊ नये. पाय फाटलेले समुद्रफूल क्वचितच जगते. तोंड मिटलेले आणि रंग तपकिरी किंवा हिरवट असावा. पांढरेफटक समुद्रफूल दिसायला सुंदर असते, पण त्याच्या शरीरातले सहजीवी शैवाल निघून गेलेले असते. असे उपाशी समुद्रफूल टँकभर प्रकाश शोधत हिंडते, म्हणजे पंपाकडे जाण्याची शक्यता त्याचीच सर्वांत जास्त.

घरी आणल्यावर एक ते दोन तास थेंबाथेंबाने टँकचे पाणी मिसळावे. मग वेव्हमेकर बंद करावा, रिटर्न पंप चालू ठेवावा आणि नायट्राइल हातमोजे घालून समुद्रफूल पाय खाली करून भेगेत ठेवावे. दाबू नये. काही तासांत पाय धरला की वेव्हमेकर सर्वांत कमी वेगावर सुरू करावा आणि नेहमीच्या वेगावर यायला आठवडा घ्यावा.

पहिले दोन-तीन दिवस मी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा तो भोके असलेला पारदर्शक डबा वापरतो. त्याला आणखी भोके पाडायची, कडा घासायच्या आणि तो समुद्रफुलावर उलटा ठेवून वर दोन लहान खडक ठेवायचे. स्ट्रॉबेरीच्या हंगामात चार डबे धुऊन ठेवलेले बरे. डबा काढताना समुद्रफूल त्यालाच चिकटलेले असेल तर ओढू नये. डबा तसाच ठेवून मोठ्या ड्रॉपरने त्याच्या पायाकडे पाण्याच्या हलक्या पिचकाऱ्या माराव्यात, ते स्वतःहून सुटते.

तपासणी: पहिले दहा दिवस रात्री झोपताना आणि सकाळी दिवे लागण्यापूर्वी समुद्रफूल कुठे आहे ते पाहावे. फुग्यासारखे फुगून तरंगत असेल, तर त्या रात्री वेव्हमेकर बंद ठेवावा आणि सकाळी पाहिल्याशिवाय सुरू करू नये; रात्री वेग शून्य न करण्याच्या नियमाला हा एवढाच अपवाद आहे.

टप्पा 8: देखभाल

जाळीचे दोन संच ठेवावेत. आठवड्यातून एकदा संच बदलावा आणि काढलेला संच पाणी बदलताना निघालेल्या जुन्या पाण्यात घासावा. पंपावर चुन्यासारखा थर चढला की पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास भिजवावा आणि नीट धुऊन परत लावावा. जाळी काढलेली असताना पंप चालवून पाहण्याचा मोह टाळावा.

दोन वर्षे एका जागी बसलेले समुद्रफूल आता कुठे जात नाही असे म्हणून पिंजरा काढणारे लोक मला माहीत आहेत. बबल टिप स्वतःचे दोन तुकडे करून वाढते, आणि त्यातला नवा, लहान तुकडा जागा शोधायला निघतो. पिंजरा कायम ठेवावा.

टप्पा 9: तरीही अडकले तर

आधी प्लग काढावा. समुद्रफूल ओढू नये. पंप पाण्यातच ठेवून अर्धा तास थांबावे. फक्त जाळीवर खेचले गेले असेल, तर ओढ थांबल्यावर ते बरेचदा स्वतःहून सुटते. पात्यांत गुंतले असेल, तर पंप पाण्याखालीच उघडून समोरचे आवरण काढावे आणि पाते बोटाने उलट दिशेने सावकाश फिरवावे. हातमोजे घालावेत आणि तो हात डोळ्यांकडे नेऊ नये, कारण सुट्या तुकड्यांतल्या दंशपेशीही डंख मारतात.

चिंध्या झाल्या असतील, तर सुटे तुकडे बारीक जाळीने लगेच गोळा करावेत, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालावा, स्किमर जास्त फेस काढील असा लावावा आणि पाव भाग पाणी बदलावे. त्यासाठी मिसळलेले खारे पाणी घरात तयार हवे. 200 लिटरच्या टँकसाठी 50 लिटरचा झाकणाचा ड्रम बाल्कनीत सावलीला भरून ठेवावा, कारण मीठ विरघळून पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो आणि पाणी पांढरे झालेल्या टँकमधल्या माशांकडे तेवढा वेळ नसतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर त्यांना एअर स्टोनसह त्याच तयार पाण्यात हलवावे.

उरलेल्या तुकड्याला पाय आणि तोंडाचा काही भाग असेल, तर त्याला संधी द्यावी: दिवे मंद करावेत, आठवडाभर खाणे घालू नये आणि त्याच्याभोवती तो स्ट्रॉबेरीचा डबा ठेवावा. अमोनिया तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तपासावा. तुकडा बुळबुळीत होऊन त्याला कुजका वास येऊ लागला, तर त्याच तासाला टँकबाहेर काढावा.